आ करा, अजून मोठा

आमच्या भूलवाल्या सरांना माणसाचा चेहरा कधी लक्षात राहिला नाही, आणि नाव तर त्याहून नाही. ऑपरेशनच्या वेळी रोग्याला भूल द्यायचं त्यांचं काम, आणि त्यांच्या शेजारी उभं राहायचं माझं. रोज शेजारी उभी, तरी दोन-अडीच वर्षं मी त्यांच्या लेखी नुसती 'अहो'. एकदा बसस्टॉपवर दिसले म्हणून नमस्कार केला, तर माझ्याकडे बघायलाच लागले. मी वैतागून म्हटलं, "अहो सर, मी तुमच्या थिएटरची सिस्टर!" तर म्हणतात कसे, "आ करा."

आता भर रस्ता, निगडीच्या बसला ही रांग, बायाबापड्या टकामका बघतायत, आणि हा गृहस्थ मला तोंड उघडायला सांगतोय. उघडलं. करते काय? सर वाकले, आत डोकावले आणि एकदम खुलले. "अरे, तुम्ही होय! हायवे!"

तर हायवे म्हणजे मी. माणसाच्या घशाची सरांनी प्रतवारी लावून ठेवली होती. तोंड उघडलं की आतलं सगळं स्वच्छ दिसलं तर 'हायवे'. थोडं वाकावं लागलं तर 'स्टेशन रोड'. जबडा लहान, मान आखूड, जीभ जाड असली की 'कॅम्पातली गल्ली'. आणि अगदीच अवघड असेल तर 'दिवाळीतली कॅम्पातली गल्ली'. पिंपरी कॅम्पाच्या बाजारात दिवाळीच्या खरेदीला जो चेंगरून आलाय त्याला हे समजावून सांगायला नको. भूल दिली की माणसाची जीभ सैल होऊन मागं पडते, मग श्वासासाठी नळी आत सरकवावी लागते, आणि ती सरकवणार सर. त्यामुळे रस्ता आधी बघून ठेवायचा, हे त्यांचं म्हणणं. ते ठीकच. पण टेबलावरच्या रोग्याचा बघा ना! बसचा कंडक्टर, भाजीवाली, गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, कुणालाच सुट्टी नाही. एका लग्नात नवरदेवाला पेढा भरवायला म्हणून स्टेजवर चढले आणि पेढा हातातच ठेवून त्याला "अजून मोठा, अजून मोठा" करत राहिले. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला. तो फोटो त्या घरात अजून असेल.

सरांच्या बाईंनी तर मला त्याच्याही वरताण गोष्ट सांगितली होती. निगडीला प्राधिकरणात त्यांचा छोटा बंगला होता, आजूबाजूला तेव्हा नुसते मोकळे प्लॉट. एकदा मी तिथं गेले असताना बाईंनी चहा करता करता सांगितलं, की सर त्यांना बघायला आले तेव्हा पोहे झाले, वडीलधाऱ्यांच्या गप्पा झाल्या, आणि "मुलाला काही विचारायचंय का" म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "आ करा." बाईंचे काका तडकून उठले. म्हणाले, "बैलबाजारात आलात का दात बघायला?" पण बाई मुळात धीट. त्यांनी विचार केला, बघू तरी हा काय करतो, आणि तोंड उघडलं. सर म्हणाले, "स्टेशन रोड. माझा होकार आहे." बाई मला म्हणाल्या, "मी आजवर यांना विचारलं नाही, हायवे मिळाली असती तर काय केलं असतं." मी कपात तोंड घालून चहा प्यायले.

आमचं हॉस्पिटल चिंचवडला होतं. खाजगी, दुमजली. ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा मोरवाडीपासून भोसरीपर्यंत माळावर रोज एक नवा कारखाना उभा राहायचा आणि कारखान्यांना लागणारे सुटे भाग करणारी शेड गल्लीबोळात. मी कासारवाडीची. वडील कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. बाबासाहेबांचं नाव घेऊन वडिलांनी मला नर्सिंगला घातली, आणि गल्लीत पांढऱ्या गणवेशात निघणारी मी पहिली. त्यामुळे मला थोडी घमेंड होती आणि आवाजही मोठा होता. तो आवाज पुढं कामाला आला, ते सांगेनच.

सर स्वतःचं सामान स्कूटरवरून आणायचे. पुढं पायाशी नळ्यांची पेटी, आणि मागच्या सीटवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून स्वतःच्या कमरेला पट्ट्यानं बांधलेला. जकात नाक्यावर नवा शिपाई आला की हमखास अडवायचा. "मागं काय हाय?" सर गंभीरपणे म्हणायचे, "आमच्या घरातलं वडीलधारं माणूस आहे. हळू बोला." एकदा एका शिपायानं खरंच टोपी काढली होती.

आणि चहाची गोष्ट! ऑपरेशनच्या आधी पोटात काही नको, हे आम्ही रोग्याला दहादा बजावायचो. पण आमच्याकडची माणसं चहाला खाणं धरत नाहीत. विचारलं तर छातीठोकपणे सांगतील, "पाण्याचा थेंब घेतला नाही." सर कधी "काही खाल्लं का" असं विचारायचेच नाहीत. टेबलाशी यायचे, नाडी बघायचे आणि सहज म्हणायचे, "काय हो, आजकाल आपल्या हॉस्पिटलचा चहा फार गोड करतात, नाही?" आणि टेबलावरचा गडी म्हणायचा, "न्हाई न्हाई, आज बराबर व्हता." झालं! ऑपरेशन रद्द. आमचे सर्जन हातमोजे काढून आपटायचे.

हे सर्जन म्हणजे हॉस्पिटलचे मालक. कान-नाक-घशाचे मोठे डॉक्टर. हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून. त्यांचं आणि सरांचं रोज वाजायचं. ते म्हणायचे, "तुम्ही भूल द्या, बाकीचं माझ्यावर सोडा." सर म्हणायचे, "भूल काय, पाटलाच्या लग्नातला बँडवालाही देईल. परत कोण आणणार?" मला दोघांचाही राग यायचा. पण सरांवर जीव होता, हे आता सांगायला हरकत नाही.

सुमन पहिल्यांदा आली त्या दिवशी सर हातात चहाचा कप घेऊन बाहेरच्या बाकड्यासमोरून चालले होते. बाकड्यावर चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी आणि तिची आई. सुमन भोसरीत एका शेडमध्ये मोटारींच्या तारा गुंडाळायचं काम करायची, आई चाकणच्या बाजारात कांदे-बटाटे विकायची. सरांची सवय तुम्हाला माहीतच आहे. जाता जाता म्हणाले, "आ कर." सुमननं केला. सर थांबले. त्यांनी कप खिडकीत ठेवला, खिशातली बॅटरी काढली, परत बघितलं, आणि काही म्हणजे काहीच बोलले नाहीत. हायवे नाही, गल्ली नाही. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण घसा बघून गप्प बसलेले सर तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मीही डोकावले. जिभेच्या पार मुळाशी आवळ्याएवढी तांबूस गाठ, वर बारीक शिरांचं जाळं.

"रात्री झोपतेस कशी?" सरांनी विचारलं.

तिच्या आधी आईच बोलली. "झोपती कुटं, डाक्टर? भिताडाला टेकून बसती रातभर. आडवी झाली की घुसमाटतंय. दिवाळीपासनं पाठ न्हाई टेकली पोरीनं."

"मशीनवर डुलकी लागती," सुमन म्हणाली. तिचा आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा यायचा. "फोरमन बोंबलतो. मला फकस्त आडवं पडून झोपायचंय, सायेब. बाकी कायबी करा."

एवढंच मागणं होतं बघा तिचं. कुणी सोनं मागतं, कुणी मूल मागतं. हिला पाठ टेकायची होती.

तपासण्या झाल्या. एक तपासणी मुंबईला पाठवून करून घेतली. मग सरांनी मायलेकींना समोर बसवून समजावलं. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. बाळ आईच्या पोटात असताना ती जिभेच्या मुळाशी तयार होते आणि हळूहळू खाली उतरून गळ्यात आपल्या जागी बसते. सुमनची उतरलीच नाही. जिथं झाली तिथंच बसून राहिली आणि आता वाढायला लागली.

"म्हंजे आळशी निघाली म्हना की," आई म्हणाली.

"आळशी म्हणा."

"बापावर गेली."

सर इतके हसले की त्यांना उचकी लागली. पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. गळा रिकामा होता. जी काय ग्रंथी होती ती तेवढीच, जिभेवर. ती काढली तर जन्मभर रोज एक गोळी घ्यायची, आणि नाही काढली तर ती एक दिवस वाटच बंद करणार. सर्जननी आधी काही महिने गोळ्या देऊन गाठ आकसते का ते पाहिलं. नाही आकसली. उलट एका रविवारी सुमनच्या तोंडातून भळाभळा रक्त आलं आणि आईनं तिला टेम्पोत घालून आमच्याकडे आणलं. रक्त थांबलं, पण आता ऑपरेशन पुढं ढकलण्यात अर्थ नव्हता.

सोमवारी दोन्ही डॉक्टरांची जुंपली. मी पट्ट्या घड्या करत ऐकत होते.

"भूल द्या, पटकन नळी घाला, मी गाठ काढतो," सर्जन म्हणाले. "त्यात एवढं काय?"

"भूल दिली की तिची जीभ मागं पडेल आणि गाठ दारावर जाऊन बसेल," सर म्हणाले. "घसा बघायचं दिव्याचं पातं आत घालायला गेलो तर ते गाठीला लागेल आणि रक्त येईल. मग तुम्हालाही दिसणार नाही आणि मलाही. तुमचं काम सुरू व्हायच्या आधी तिचं संपेल."

"मग शुद्धीवर असतानाच गळ्याला भोक पाडतो, तिथून श्वास द्या."

"त्याला मान मागं टाकून उताणी झोपवावी लागेल. झोपते का विचारा तिला."

सर्जन खुर्ची ओढून ऐकायला बसले. हे दुर्मीळच. सरांनी मग आपला बेत सांगितला. सुमनला बसवूनच ठेवायची, जागी ठेवायची. नाक-घसा औषधानं बधिर करायचा आणि नाकातून नळी हळूहळू आत सरकवायची. गाठीमुळे दिसणार काहीच नाही. नळीच्या बाहेरच्या टोकाला कान लावायचा आणि तिच्या श्वासाच्या आवाजावरून ओळखायचं, वाट बरोबर चाललीय की चुकतेय. आवाज मोठा होत गेला तर बरोबर. बंद झाला तर मागं या. नळी एकदा श्वासनळीत बसली की वाट उघडी राहिली, मग खुशाल भूल द्या आणि आडवी करा.

"आणि नाही बसली तर?" सर्जननी विचारलं.

"तर तुम्ही चाकू घेऊन शेजारीच उभे असाल. उगाच कशाला विचारता?" सर असं म्हणाले खरं, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

आता हे सगळं सुमनला सांगायला गेले, तर तिनं सरळ भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाकातनं नळी? जागेपनी? मी न्हाई. घरी सोडा मला." आईनं हातापाया पडून पाहिलं, मी रागावून पाहिलं. ढिम्म. ती रडतही नव्हती, नुसती मान हलवत होती.

सर गेले आणि पेटी घेऊन आले. वॉर्डात सगळ्यांदेखत तिच्या खाटेसमोर स्टूल टाकून बसले. स्वतःच्या नाकात औषध मारलं, घशात मारलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला म्हणाले, "हायवे, आरसा धरा." मी धरला. सरांनी नळी घेतली, वंगण लावलं, आणि स्वतःच्या नाकात घालायला सुरुवात केली. तोंडानं सुमनला सांगतायत, "हे बघ, इथं थोडं अवघड वाटतं... इथं ठसका येतो..." आणि खरंच ठसका आला, तोंड लालबुंद झालं, आणि एकदम बोलणं थांबलं. नळी आवाजाच्या पडद्यांमधून आत बसली होती. तोंड उघडतायत, ओठ हलतायत, पण आवाज नाही. सर नळीनं श्वास घ्यायला लागले. त्यांनी नळीच्या टोकापाशी कापसाचा धागा धरला. धागा आत-बाहेर, आत-बाहेर नाचत होता.

नेमके तेव्हाच सर्जन राउंडला आले. बघतात तर त्यांचा भूलतज्ज्ञ वॉर्डात स्टुलावर बसलाय, नाकातून नळी लोंबतेय, आणि सगळे रोगी उठून भोवती जमलेत. "हे काय चाललंय?" सर बोलणार कसे? त्यांनी सर्जनना हातानं खूण केली, बसा. सर्जन बसलेसुद्धा! सुमनची आई घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. "पानी पाजा कुनीतरी त्यास्नी!" बधिर घशात पाणी गेलं असतं तर भलतंच झालं असतं. मी तांब्या धरला, ती सोडेना, आणि निम्मं पाणी सर्जनच्या पँटवर सांडलं.

आणि सुमन हसली. दिवाळीपासून पाठ न टेकलेली ती पोरगी पोट धरून हसली. सरांनी नळी काढली, डोळे पुसले, आणि बसक्या आवाजात विचारलं, "मग?"

"घाला," ती म्हणाली. "पन तुमीच घाला. दुसरा कुनी न्हाई."

त्यानंतर दोन दिवस सरांचा आवाज कोंबडं दाबल्यासारखा येत होता.

ठरलं बुधवारी सकाळी. आणि मंगळवारी सर थिएटरमध्ये नुसतेच उभे राहिले, डोळे मिटून. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "ऐका." मला काहीच ऐकू येईना. "तेच ना," ते म्हणाले, "आपल्याला आता ऐकूच येत नाही." मग माझ्या लक्षात आलं. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत पत्र्याचे भाग दाबायची प्रेस होती. दिवसभर धाड, धाड, धाड. आम्हाला इतकी सवय की तो आवाज आमच्या लेखी नव्हताच. पण नळीला कान लावून श्वास ऐकायचा म्हटलं तर?

सर मला घेऊन शेडमध्ये गेले. म्हणाले, पांढरा गणवेश बघून माणसं जरा घाबरतात. शेडचा मालक बनियनवर उभा होता, हात ग्रीसनं काळे.

"उद्या सकाळी थोडा वेळ प्रेस बंद ठेवा," सर म्हणाले.

"उद्या? डॉक्टर, उद्या माल जायचाय राव. गुरुवारी करा ना ऑपरेशन. गुरुवारी सगळ्यांनाच सुट्टी, गल्लीत कुत्रंबी भुंकत नाही."

"परत रक्त आलं तर ती गुरुवार बघणार नाही."

"मी काय करू? कंपनीवाले माझं डोकं खातील." मालक पाठ फिरवून निघाला.

"आ करा," सर म्हणाले.

तो इतका गोंधळला की त्यानं केला. सरांनी बॅटरी मारली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग बॅटरी बंद करून एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि चालायला लागले. मालक मागोमाग. "काय हो? काय दिसलं?"

"काही नाही. दिवाळीतली कॅम्पातली गल्ली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला कधी ऑपरेशन लागू नये, एवढीच माझी इच्छा. आणि लागलंच, तर त्या दिवशी ही प्रेस कोण बंद करणार ते आत्ताच ठरवून ठेवा. तुमच्याही नळीला मला असाच कान लावावा लागेल."

मालकाचा काळा हात गळ्यावर गेला आणि तिथंच राहिला. "किती वाजता बंद करू?" त्यानं विचारलं. एवढंच नाही, तर शेजारच्या दोन शेडवाल्यांनाही त्यानं आपण होऊन सांगून टाकलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, खरंच इतका अवघड घसा आहे?" सर म्हणाले, "छे, स्टेशन रोड."

बुधवार उजाडला. सुमन टेबलावर पाय सोडून बसली. मी तिचा एक हात धरला होता. सर्जन हातमोजे घालून, चाकू तयार ठेवून बाजूला. औषध मारून झालं आणि प्रेस थांबली. काय शांतता हो ती! मला स्वतःच्या छातीतलं ऐकू यायला लागलं. सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, नळी नाकात घातली, टोकाला कान लावला आणि सरकवायला लागले. सुमननं माझ्या हातात नखं रुतवली. पण हलली नाही. श्वास घेत राहिली.

आणि खाली गल्लीत आरोळी उठली, "कामगार एकजुटीचा... विजय असो!"

आता काय झालं होतं, सांगते. आमच्या भागात कामाच्या दिवशी मशीनं बंद पडण्याची कारणं दोनच. वीज गेली, नाहीतर संप. पलीकडच्या शेडमधल्या लोकांनी बघितलं, आपले दिवे तर चालू आहेत आणि तीन शेड एकदम थंड. म्हणजे संप! कुणाचा, कशासाठी, ते कुणाला माहीत नाही, पण मागं कसं राहायचं? तेही मशीनं बंद करून बाहेर आले, त्यांना बघून त्यांच्या शेजारचे आले, आणि सगळा जथा बरोबर आमच्या थिएटरच्या खिडकीखाली. "दादागिरी... नहीं चलेगी!"

सरांचा कान नळीला, हात थांबलेला. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. नळी अर्ध्या वाटेवर. मागं घ्यावी तर गाठीला घासणार, पुढं घालावी तर ऐकू येत नाही. त्यांनी नुसती माझ्याकडे नजर टाकली. त्या नजरेत भीती होती. मी सुमनचा हात सर्जनच्या हातात दिला, आणि त्यांनी निर्जंतुक हातमोज्याचा विचार न करता धरला. मी बाहेरच्या व्हरांड्यात धावले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि माझा कासारवाडीचा आवाज काढला.

"गप बसा!!"

गल्ली दचकली. पुढच्या एकानं वर बघून विचारलं, "ताई, संप कुणाचाय?"

"माझा आहे!" मी ओरडले. "आत एका कामगार बाईचा जीव टांगणीला लागलाय. तुमच्यासारखीच शेडमधली आहे, भोसरीची. डॉक्टरांना तिचा श्वास ऐकायचाय. आता कुणी चकार शब्द काढला तर बघा! खाली बसा सगळे!"

आणि खोटं नाही सांगत, बसले. मांडी घालून, मातीत. एकाच्या हातातली बिडी पेटलेली होती, ती त्यानं हळूच विझवली. प्रेसवाला मालकही त्यांच्यात बसला होता, गळ्यावर हात ठेवून.

मी आत आले. सर पुन्हा ऐकत होते. नळी तसूभर पुढं, थांबायचं. तसूभर मागं, जरा वळवायची. मग मलाही ऐकू आलं. फू... फू... आधी लांबून, मग जवळून, मग चांगला भात्यासारखा. सुमनला जोराचा ठसका लागला आणि सरांनी त्याच श्वासाबरोबर नळी आत सोडली. कापसाचा धागा धरला. नाचला!

"सुमन," सर म्हणाले, "मला एक शिवी दे."

तिनं तोंड उघडलं. ओठांवरून दिसत होतं, चांगली दणदणीत होती. पण आवाज आला नाही. नळी बरोबर जागेवर होती. सर मागच्या मागं जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "द्या भूल." मी म्हटलं, "सर, भूल तुम्हीच देता." "हो, हो," म्हणाले आणि उठले.

गाठ निघाली. रक्त आलं, पण सर्जननी आवरलं. त्यांचा हात खरंच चांगला होता, ते कबूल केलं पाहिजे. सूज उतरेपर्यंत नळी तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी काढली. सुमननं मोठा श्वास घेतला. सर्जननी बजावलं, दोन दिवस बोलायचं नाही. तिनं मान डोलावली.

सगळं झालं, पण सुमनबाई आडवी होईना! वाट मोकळी झाली होती, तिला आम्ही लाख सांगितलं. मी उशी काढायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं आणि डोळे असे मोठे केले, की मीच उशी परत ठेवली. इतके महिने आडवं होणं म्हणजे मरण, हे अंगात मुरलं होतं तिच्या. गाठ काढता येते, ती भीती कुठून काढणार? मला इतकं वाईट वाटलं. एवढं सगळं करून पोरगी आपली परत भिंतीला टेकूनच बसणार.

त्या खाटेला पायथ्याशी हँडल होतं, फिरवलं की डोक्याकडची बाजू वर-खाली व्हायची. सर जाता-येता तिच्या खाटेशी थांबायचे. "काय सुमनबाई, चाकणला कांदा काय भाव?" ती बोटांनी भाव दाखवायची, आणि सर हळूच हँडलचा एक फेरा फिरवायचे. थोड्या वेळानं परत. "बटाटा?" परत एक फेरा. मिरचीचा झाला, लसणाचा झाला. वॉर्डातल्या सगळ्या रोग्यांना कळलं होतं काय चाललंय, तिला सोडून. एक म्हातारी तोंडात पदर कोंबून हसत होती. दुपारी लसणानंतर मी पाहिलं, सुमनची मान कलली होती आणि खाट जवळजवळ सपाट झाली होती. सरांनी शेवटचा फेरा फिरवला आणि चोरासारखे पाय न वाजवता निघून गेले.

तिची आई तेवढ्यात घरी जाऊन आली. लेकीसाठी पातळ पेज करून आणली होती. वॉर्डाच्या दारात आली आणि थबकली. दिवाळीपासून तिनं आपली पोर बसलेलीच पाहिली होती. आज पोर उताणी, हात छातीवर, डोळे मिटलेले, अगदी निपचित. आईच्या हातातला डबा सुटला.

"गेली! माझी सुमी गेली गं!" तिनं असा काही हंबरडा फोडला की अख्खं हॉस्पिटल गोळा झालं. सर्जन धावत आले. सर तोंडातला घास तसाच घेऊन आले, गर्दीतून घुसले, सुमनच्या तोंडाशी कान लावला आणि हात वर केला, थांबा म्हणून. पण आई कुठली ऐकतेय! ती ऊर बडवतच होती.

मग खाटेवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच. घोगरा, पण स्वच्छ. तोंडातला तो गरम बटाटा गेला होता.

"आये, वरडू नगं. झोपू दे की."

सर्जन म्हणाले, "अगं, बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!" सरांनी ओठांवर बोट ठेवून त्यांनाच दटावलं. आणि मग सर तिथंच, सांडलेल्या पेजेत फतकल मारून बसले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. मीही रडले, सर्जनही नाक पुसत खिडकीकडे गेले. आई दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून उभी होती.

सुमन कुशीवर वळली आणि घोरायला लागली.